शनिवारचा अर्धा दिवस आणि इंग्लंडचा फुटबॉल



इंग्लंडातल्या एखाद्या गावी शनिवारी दुपारी तीन वाजता फुटबॉलचा सामना सुरू होतो. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्या बीडमध्ये, हिवाळ्याचे दिवस असतील तर, रात्रीचे साडेआठ. न्यूयॉर्कचा माणूस न्याहारी करता करता तो सामना पडद्यावर पाहतो. बीडचा कॉलेजातला मुलगा मोबाईलवर पाहतो. परंतु ज्या गावच्या मैदानावर तो खेळ चालू आहे, त्याच गावातल्या माणसाला तो घरी बसून थेट पाहण्याची सोय नाही. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना थेट दाखवायचा नाही, असा नियम तेथे १९६० नंतरच्या दशकात पडला व तो अजून पाळला जातो. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्याचा आग्रह धरला होता. त्यांचे म्हणणे सरळ होते. घरबसल्या खेळ दिसू लागला, तर लहान गावांच्या मैदानावर तिकीट काढून येणार कोण?

जगाला दाखवायचे आणि घरच्यांपासून झाकून ठेवायचे, ही रीत चमत्कारिक खरी. पण तिच्या मुळाशी गेले म्हणजे जो इतिहास हाती लागतो, तो खेळाडूंचा जितका आहे त्याहून अधिक कामगारांच्या सुट्टीचा आहे. मजुरांच्या संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने फुटबॉलवर का बोलावे, असे ज्यांच्या मनात आले असेल त्यांना माझे एवढेच उत्तर आहे.

सामना शनिवारी तीनलाच का? १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने कापडगिरण्यांसाठी एक कायदा केला. स्त्रिया व अल्पवयीन मुले यांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवावयाचे नाही, असे त्यात ठरले. बायका आणि मुले निघून गेल्यावर एकट्या पुरुषांच्या बळावर गिरणी चालणार कशी? सबब बहुतेक ठिकाणी पुरुषांनाही रजा मिळू लागली. हा कायदा काही मालकांच्या दयेने झाला नाही. दहा तासांच्या दिवसासाठी लँकेशायरच्या कामगारांनी कित्येक वर्षे चळवळ केली होती. दोनला भोंगा, घरी जाऊन दोन घास, आणि तीनला मैदान! इंग्लंडच्या फुटबॉलचे वेळापत्रक असे गिरणीच्या भोंग्याने बांधून दिले.

पहिल्यांदा हा खेळ श्रीमंतांच्या शाळांतला. १८८३ साली इंग्लंडच्या मानाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना हरविले. जिंकणाऱ्यांत विणकर होते, कारकून होते, नळकाम करणारा होता. १८८५ मध्ये खेळाबद्दल मजुरी घेणे अधिकृत झाले आणि १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग उभी राहिली, तीतले सहा क्लब एकट्या लँकेशायरचे. आज जगभर ज्याच्या नावाचे सदरे विकले जातात तो मँचेस्टर युनायटेड मूळचा रेल्वे कामगारांचा संघ, आणि आर्सेनल दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातल्या कामगारांचा.

आता मुंबईकडे वळू. लँकेशायरच्या गिरण्यांशी मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा होती. मुंबईचा कामगार जास्त तास राबतो म्हणून तेथले कापड स्वस्त पडते, अशी तिकडच्या मालकांची तक्रार, आणि हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा करा म्हणून त्यांचाच सरकारमागे लकडा. आपल्या हिताची गोष्ट कधी कधी अशा आडवाटेने येते. पण आठवड्याची सुट्टी कोणी पाठवून दिली नाही. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळविली. १८८४ मध्ये त्यांनी मिलहँड्स असोसिएशन काढली, सभा भरविल्या, अर्ज केले. रविवारच मागितला, त्याचे एक कारण असे की रविवार खंडोबाचा वार. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९१ साली, मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. दोन्ही गोष्टी एकीतून एक निघाल्या असे मी म्हणणार नाही, कारण पहिली कित्येक वर्षे हा चषक गोऱ्या पलटणींचाच होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच देशी नागरी संघाचे नाव त्यावर चढले. पुढे कूपरेजच्या मैदानावर टाटांचा संघ, मफतलाल आणि ऑर्केसारख्या गिरण्यांचे संघ खेळले. खेळाडूला गिरणीत नोकरी असे, आणि पाहणाऱ्यांतही पाळी संपवून आलेली माणसे असत.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्याने मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस या संघाने नेला. त्या वेळी बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. १९५६ च्या नोव्हेंबरापर्यंत आपली राजधानी हैदराबाद. म्हणजे देशातला सर्वांत कसलेला फुटबॉल आपल्याच राजधानीत खेळला जात होता! त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांच्याच हाताखाली हिंदुस्थानने १९५१ व १९६२ च्या एशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. आज येथल्या किती मुलांना रहीमसाहेब ठाऊक आहेत? २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हा थोड्यांना ठाऊक झाले. मँचेस्टरच्या संघातले अकराच्या अकरा मात्र तोंडपाठ असतात. मी मुलांना दोष देत नाही. जे दिसते ते पाठ होते.

ते दिसू लागले कसे, ही हकीकत फार जुनी नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. १९८६ सालच्या मेक्सिकोतील विश्वचषकाचे सामने आपल्याकडे मध्यरात्री दिसले आणि मॅराडोना हे नाव घराघरांत गेले. पण ती चार वर्षांनी येणारी जत्रा होती. दर आठवड्याचा बाजार भरला तो नंतर. १९९२ मध्ये इंग्लंडातले वरचे बावीस क्लब जुन्या लीगमधून बाहेर पडले, त्यांनी प्रीमियर लीग काढली आणि पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ३० कोटी ४० लाख पौंडांना विकले. थेट सामने घेतले ते रूपर्ट मर्डॉक यांच्या उपग्रह वाहिनीने. १९९३ मध्ये याच मर्डॉकसाहेबांनी हाँगकाँगच्या स्टार वाहिन्यांचा मोठा हिस्सा विकत घेतला, ज्या तेव्हा आपल्याकडच्या छत्र्यांवर उतरत होत्या. अमेरिकेत फुटबॉलला वाहिलेली वाहिनी चालविली तीही त्यांच्याच फॉक्स कंपनीने. माल एक, दुकानदार एक आणि पेठा तीन. पुढे केबलवाला आमच्या गल्लीत इंग्लंडचा शनिवार घेऊन आला तो या वाटेने.

अमेरिकेची कथा तर अधिक मौजेची. तेथला टीव्ही जाहिरातींवर जगतो, आणि फुटबॉल हा पंचेचाळीस मिनिटे अखंड चालणारा खेळ. मध्ये साबण विकायचा केव्हा? १९६७ मध्ये तेथल्या एका सामन्यानंतर पीटर ऱ्होड्स नावाच्या पंचाने कबुलीच दिली, की आपण दिलेल्या एकवीस फाउलांपैकी अकरा केवळ जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून दिले! खेळाची अशी शोभा झाल्यावर तो रुजणार कसा? १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबने खुद्द पेलेला नेले. हाच संघ १९७७ मध्ये कलकत्त्यास येऊन मोहन बागानशी दोन-दोन असा बरोबरीत खेळून गेला. मोठी नावे आणली, पैसा ओतला, पण ती अमेरिकन लीग १९८४ च्या हंगामानंतर बुडाली. मग १९९४ मध्ये विश्वचषक तेथे भरला, १९९६ मध्ये नवी लीग आली, मेक्सिकोतून व दक्षिण अमेरिकेतून आलेले मजूर आपला खेळ बरोबर घेऊन आलेच होते. शेवटी अमेरिकनांनी खेळ मोडण्याचा नाद सोडला. एनबीसी कंपनीने २०१३ पासूनच्या तीन वर्षांसाठी इंग्लंडच्या लीगचे हक्क २५ कोटी डॉलरला घेतले आणि हंगामातले सगळे ३८० सामने दाखविण्याची व्यवस्था केली. २०२२ पासूनच्या सहा वर्षांसाठी तिने मोजले सुमारे २७० कोटी डॉलर.

या भाववाढीचे कारण काय, तर घड्याळ. शनिवारी सकाळी अमेरिकेत दुसरा मोठा खेळ नसतो. दुपारी साडेबाराचा इंग्लंडचा सामना न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला, आणि लॉस एंजेलिसला तर पहाटे साडेचारला दिसतो. तरी लोक उठतात. आपल्याकडे तोच सामना संध्याकाळी येतो. सामना साडेबाराला ठेवला की पूर्वेकडची संध्याकाळ आणि पश्चिमेकडची सकाळ दोन्ही पदरात पडतात. परगावाहून पाहुण्या संघाबरोबर येणाऱ्या इंग्रज प्रेक्षकाला मात्र भल्या पहाटे घर सोडावे लागते. तो कुरकुरतो. पण २०२२ पासूनच्या करारांत परदेशांतून येणारी रक्कम खुद्द ब्रिटनमधल्या रकमेहून मोठी झाली, तेव्हा त्याची कुरकुर ऐकणार कोण? गिरणीच्या भोंग्याने लावलेले घड्याळ आता दूरच्या गिऱ्हाइकाच्या सोयीने फिरते.

खेळाडूंनी मात्र आपले माप टाकून घेतले. त्यांची संघटना १९०७ मध्ये मँचेस्टरला स्थापन झाली. एके काळी इंग्लंडात खेळाडूच्या मजुरीला कमाल मर्यादा होती, १९०१ मध्ये आठवड्याला चार पौंड, शेवटी वीस पौंड. संपाची नोटीस निघाली तेव्हा जानेवारी १९६१ मध्ये मालकांनी ती उठविली. २००१ मध्ये टीव्हीच्या पैशांतला संघटनेचा वाटा कमी होऊ लागला, तर मतदान करणाऱ्यांपैकी ९९ टक्क्यांनी संपाच्या बाजूने मत दिले. त्यांत लक्षाधीशही होते आणि खालच्या विभागातले साधे नोकरदार खेळाडूही. संप झाला नाही, तडजोड झाली. आमच्या युनियनमध्ये ९९ टक्के मते मी अजून पाहिलेली नाहीत!

मुंबईत असे कोणी नव्हते. रोव्हर्स चषक २०००-०१ मध्ये शेवटचा खेळला गेला. टीव्हीने तो मारला, असे सरसकट म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या. जो खेळाडूला नोकरी देत होता तो मालक गेला, जो पाळी सुटल्यावर मैदानावर जात होता तो कामगारही देशोधडीला लागला. रिकाम्या जागी पडदा आला. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेला संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१९ मध्ये मुंबई सिटी या नव्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालकांनी घेतला, तेव्हा मँचेस्टर आणि मुंबई पुन्हा समोरासमोर आल्या. या खेपेला भांडण कापडाचे नव्हते.

पडदा आला म्हणजे मैदान ओस पडतेच असेही नाही. कोल्हापुरास जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने पाहायला पेठाच्या पेठा लोटतात. रात्री तीच पोरे इंग्लंडचा सामनाही पाहतात. कुस्तीच्या तालमींनी तेथे फुटबॉल पोसला, आणि आपल्या पेठेचा संघ हरला तर दुसऱ्या दिवशी तोंड दाखविणे कठीण, ही भावना कोणत्याही वाहिनीला विकत घेता आलेली नाही.

आणि बीड? आपली व्याख्यानमाला भरते तेव्हा ऊसतोडीला गेलेली माणसे कारखान्यांवरून परतलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आधी घेतलेली उचल, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. शनिवार नाही, रविवार नाही, खंडोबाचा वारही नाही. लोखंड्यांनी १८९० मध्ये मिळविलेली सुट्टी फडापर्यंत अजून पोचलेली नाही. मोबाईल मात्र पोचला आहे. पहाटेच्या थंडीत गाडी भरून झाल्यावर कोपीत एखादे पोर आदल्या रात्रीच्या सामन्यातले गोल पाहत बसलेले असते, आणि मुकादमाची हाक आली की मोबाईल उशाखाली सारून उठते.