लेडोच्या छावणीतला जबाब

अहवाल क्रमांक ४९, तारीख १ ऑक्टोबर १९४४. तयार करणारे, अमेरिकेच्या युद्ध-माहिती कार्यालयाचं भारत-ब्रह्मदेश आघाडीवरचं मानसशास्त्रीय युद्ध-पथक. जबाब झाले आसामात, लेडोच्या कैदी छावणीत, २० ऑगस्ट ते १० सप्टेंबर या काळात. जबाब देणाऱ्या वीस कोरियन स्त्रिया आणि दोन जपानी नागरिक. स्त्रियांची नावं, वयं आणि गावं अहवालाला जोडलेल्या यादीत आहेत. नावं इथे देण्याचं कारण नाही. वयं मात्र पाहायला हवीत. सर्वांत लहान १९ वर्षांची, म्हणजे दोन वर्षांपूर्वी घर सुटलं तेव्हा १७ची.

अहवालाचा निकाल सुरुवातीलाच लागलेला आहे. 'कम्फर्ट गर्ल' म्हणजे जपानी फौजेमागे फिरणारी वेश्या, दुसरं काही नाही, असं लिहून जबाब घेणारा मोकळा होतो. पुढे या मुली अशिक्षित, पोरकट, स्वार्थी आणि दिसायला बेताच्याच, असाही शेरा आहे. रूपाची चौकशी युद्धाच्या कोणत्या कामासाठी चालली होती, कोण जाणे.

पण त्याच कागदावर, भरतीच्या परिच्छेदात, वेगळीच हकिकत आहे. मे १९४२मध्ये दलाल कोरियात आले. काम काय ते त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही. इस्पितळात जखमींना भेटायचं, बँडेजं गुंडाळायची, सैनिकांचं मन रमवायचं, अशी मुलींची समजूत झाली. भरपूर पैसा, घरचं कर्ज फिटेल, सिंगापूरला नवं आयुष्य, अशी आमिषं होती. काहीशे येनांची उचल मिळाली आणि कर्जाच्या रकमेप्रमाणे सहा महिने ते वर्षभर त्या मालकाला आणि लष्करी नियमांना बांधल्या गेल्या. आश्वासनं खोटी होती हे अहवालच नोंदवतो. उचल घेऊन मुकादमाला बांधली गेलेली माणसं आपल्याकडच्या ऊसपट्ट्यात कुणाला नवी नाहीत.

याच मुलींबद्दल दुसरा कागद आहे, आग्नेय आशियातल्या दोस्त राष्ट्रांच्या गुप्तवार्ता केंद्राचं ३० नोव्हेंबर १९४४चं बुलेटिन. त्यात कुंटणखान्याच्या एका मालकाचा जबाब आहे. तो 'भरती' म्हणत नाही, सरळ 'खरेदी' म्हणतो. सोलमध्ये त्याची खानावळ होती. धंदा बसला, म्हणून त्याने तिथल्या लष्करी मुख्यालयाकडे ब्रह्मदेशात मुली नेण्याची परवानगी मागितली. रूप, स्वभाव आणि वय पाहून ३०० ते १,००० येन आईबापांच्या हातावर ठेवले आणि २२ मुली घेतल्या. लष्कराने त्याला सर्व ठाण्यांच्या नावे मदतीचं पत्र दिलं, शिवाय बोटीचा प्रवास फुकट. १० जुलै १९४२ला पुसानहून निघालेल्या या जथ्यात ७०३ मुली आणि सुमारे ९० मालक-मालकिणी होत्या. रंगूनला ते २० ऑगस्टला उतरले.

लेडोच्या अहवालात रंगूनची तारीख हीच आहे, पण आकडा सुमारे ८०० मुलींचा. ७०३ आणि ९० यांची बेरीज ७९३ होते, तेव्हा लेडोत बहुधा मालकही मुलींतच मोजले गेले. निघण्याच्या तारखेला तिसरा आधार आहे. ब्रह्मदेशात आणि सिंगापुरात अशा ठिकाणी व्यवस्थापक असलेल्या एका कोरियन माणसाची रोजनिशी २०१३मध्ये कोरियात प्रसिद्ध झाली. १० जुलै १९४३च्या नोंदीत, वर्षापूर्वी याच दिवशी पुसानला बोटीत चढलो, असं तो लिहितो. हा जथा 'चौथा' होता हेही त्याच रोजनिशीतून कळतं. चौथा म्हटल्यावर आधीचे तीन आलेच.

रंगूनहून या मुली उत्तर ब्रह्मदेशातल्या मिचिनाच्या लष्करी ठाण्याला नेल्या गेल्या. तिथे पोहोचल्यावरची व्यवस्था अहवालात बारकाईने दिली आहे. सकाळी १० ते संध्याकाळी ५ साधे सैनिक, दीड येन. ५ ते ९ हवालदार-नाईक दर्जाचे, तीन येन. ९ ते मध्यरात्र अधिकारी, पाच येन. पलटणींना वार वाटून दिलेले होते. सोमवारी घोडदळ, मंगळवारी इंजिनिअर, शुक्रवारी पहाडी तोफखाना. बुधवारी सुट्टी, आणि त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी. तिथल्या एका कुंटणखान्याचं नाव आधी 'मारुयामा क्लब' होतं. मिचिनाच्या ठाण्याचा प्रमुख कर्नल मारुयामा. आपल्या नावाशी साधर्म्य नको म्हणून त्याने हरकत घेतली आणि पाटी बदलून 'क्योएई' झाली. एवढा अधिकार असलेल्या लष्कराचा या धंद्याशी संबंध नव्हता, असं नंतर बरीच वर्षं सांगितलं गेलं.

मुलींना गिऱ्हाईक नाकारता येई, हे अहवालातलं वाक्य हमखास पुढे केलं जातं. ते आहे. पण मिळकतीतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा मालकाचा, आणि जेवणखाण व सामान तो चढ्या भावाने देई, हेही तिथेच आहे. सुटकेचं काय? जून १९४३मध्ये कर्ज फिटलेल्यांना घरी पाठवायची सोय लष्कराने केली होती, असं बुलेटिन सांगतं, आणि लगेच पुढे म्हणतं की अशा एका मुलीला जायची इच्छा असूनही थांबायला सहज राजी करण्यात आलं. रोजनिशीत २९ जुलै १९४३ची नोंद याहून उघड आहे. संसार थाटायला बाहेर पडलेल्या दोघींना लष्कराच्या रसद विभागाच्या हुकमाने परत त्याच कामावर आणलं गेलं.

३१ जुलै १९४४च्या रात्री मिचिना दोस्त फौजांच्या हाती पडण्याच्या बेतात असताना मुली, मालक आणि नोकर मिळून ६३ माणसं होड्यांतून इरावती ओलांडून निघाली. मुलींनी साध्या कपड्यांवर लष्कराचे गर्द हिरवे गणवेश चढवले होते. ७ ऑगस्टला चकमक झाली. आम्ही पुढे जातो, तीन तासांनी मागून या, असं सैनिकांनी बजावलं. या तीन तासांनी गेल्या, तर समोर नदी, सैनिक नाहीत आणि होडीही नाही. जवळच्या एका घरात त्या थांबल्या. १० ऑगस्टला इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालच्या काचिन सैनिकांनी त्यांना धरलं. या पळापळीत चौघी वाटेत मेल्या आणि दोघी सैनिक समजून गोळीला बळी पडल्या, असं बुलेटिन सांगतं. गणवेश कुणी चढवायला लावला, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

फसवणूक, कर्ज, वेळापत्रक, हुकूम, सारं त्या छावणीत टेबलावर होतं. पण पथकाला हवी होती जपानी फौजेच्या मनोधैर्याची माहिती, आणि प्रश्न त्याच बेताने विचारले गेले. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात या व्यवस्थेबद्दल वेगळा आरोप ठेवलाच गेला नाही. १९४८मध्ये बटाव्हियाच्या डच लष्करी न्यायालयाने जावातल्या सेमारंगच्या अशाच प्रकरणात शिक्षा दिल्या, एका मेजरला मृत्युदंडही झाला. तिथल्या फिर्यादी युरोपीय होत्या. कोरियातून अशाच एक पीडित, किम हाक-सुन, स्वतःच्या नावाने बोलल्या त्या १४ ऑगस्ट १९९१ला. त्यानंतर जानेवारी १९९२मध्ये इतिहासकार योशिमी योशिआकी यांनी संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून लष्कराचे हुकूम बाहेर काढले, आणि ४ ऑगस्ट १९९३च्या कोनो निवेदनात जपान सरकारने लष्कराचा सहभाग मान्य केला.

लेडोच्या अहवालात या स्त्रियांचं मागणं म्हणून दोनच गोष्टी नोंदल्या आहेत. आम्ही पकडल्या गेलो हे सांगणारी पत्रकं इथे विमानातून टाकू नका, फौजेला कळलं तर मागे राहिलेल्या मुलींच्या जिवावर बेतेल. कोरियावर टाकणार असाल, तर जरूर टाका.