निदान की लिंगनिदान?

डोहाळजेवणाच्या दिवशी गरोदर स्त्रीपुढे झाकलेल्या दोन वाट्या ठेवतात. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिने उचललेल्या वाटीत पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भाविषयी आपल्या समाजाला पडणारा पहिला प्रश्न या खेळात उघडा होतो. बाळ धडधाकट आहे का, बाळंतीण सुखरूप राहील का, हे प्रश्न त्या वाटीत नसतात. पुढे हातात सुई आणि यंत्र आले तेव्हाही प्रश्न तोच राहिला. महाराष्ट्रातील प्रसवपूर्व निदानाचा इतिहास वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

गर्भजल काढून तपासण्याची पद्धत भारतात १९७०च्या दशकाच्या मध्यास आली, ती आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. तिचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला, तेव्हा केंद्राने त्या दशकाच्या अखेरीस सरकारी रुग्णालयांत असा वापर करण्यास बंदी केली. खाजगी दवाखाने मात्र मोकळे राहिले. आज पाचशे रुपये खर्चून उद्याचे पन्नास हजार वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती झळकल्या. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ४२ जण ही चाचणी लिंगनिदानासाठी करीत असल्याचे दिसले. ‘फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्रीसिलेक्शन’ या मंचाच्या चळवळीमुळे १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून अमलात आला. अंमलबजावणी मात्र कागदावरच राहिली. म्हणून सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली.

या धडपडीची गरज किती होती हे जनगणनाच सांगते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये हा आकडा ८०७ वर आला. त्याच जिल्ह्यातील परळीत २०१२ मध्ये बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा जीव गेला. तेव्हा कायदा सैल करावा असे कोणी सुचवू नये.

परंतु या लढ्यात एक शब्द हरवला. कायद्याच्या नावात ‘प्रसवपूर्व निदान’ आहे. सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवरील फलकामुळे लोकांच्या तोंडी बसला तो ‘गर्भलिंगनिदान’. पहिल्याला कायदा परवानगी देतो, दुसऱ्याला मनाई करतो. गुणसूत्रांतील दोष, चयापचयाचे आनुवंशिक विकार, थॅलेसेमिया-सिकलसेलसारखे रक्तविकार आणि जन्मजात व्यंगे ओळखण्यासाठी तपासणी करण्यास कायद्यात स्पष्ट जागा आहे. पण ‘सुरक्षितता’ म्हणजे यंत्रावर पहारा, एवढाच अर्थ रूढ झाला. निदान वेळेवर व्हावे, प्रशिक्षित हातांनी व्हावे, त्याचा अर्थ बाईला समजावा, ही सुरक्षिततेची दुसरी बाजू सार्वजनिक प्रसूतिसेवेत मागे पडली.

वेळेचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. गर्भातील व्यंगे पाहण्याची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होते. १९७१ च्या गर्भपात कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. २००८ साली मुंबईतील एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात दाद मागितली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला होता, पण मुदत उलटली होती. परवानगी नाकारली गेली. २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक प्रकरणांत ही मर्यादा २४ आठवड्यांवर नेली, आणि गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही वाट ठेवली.

ही वाट गंगापूर तालुक्यातील एखाद्या ऊसतोड कुटुंबातील सुनेला कितपत दिसते? शंका आली की तिला छत्रपती संभाजीनगरला जावे लागते, १९५६ पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या ‘घाटी’त. एका फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. तपासणी, अहवाल आणि सल्ला यांसाठी फेऱ्या वाढल्या की आठवडे सरतात. पैसेवाल्यांना शहरातील खाजगी केंद्र खुले असते. कायदा दोघींना एकच, मुदतही एकच. त्या मुदतीत पोहोचण्याची ऐपत मात्र वेगळी.

साहित्याच्या अभ्यासकांनी या कायद्याचे पाचवे कलम अवश्य वाचावे. गर्भजल काढण्यासारख्या तपासणीपूर्वी तिचे धोके स्त्रीला समजावून सांगावेत, तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी आणि त्या कागदाची प्रत तिला द्यावी, असे ते सांगते. सुरक्षिततेची इतकी नेमकी व्याख्या शोधण्यासाठी दूर जायला नको. ती तीन दशके आपल्याजवळ आहे. प्रश्न इतकाच, की अंगठा उमटवण्यापूर्वी तो कागद तिला तिच्या बोलीत कोणी वाचून दाखवतो का.