हत्यार की अवजार? चांद्याच्या रानातील सुरीविषयी

शिकारीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी बंदुकीवर जेवढे प्रेम केले, त्याच्या शतांशानेही सुरीवर केलेले दिसत नाही. बंदुकीचा कारखाना, नळीचा व्यास, ती कोणाकडून कोणाकडे आली याचा वृत्तान्त पानोपानी असतो. सुरी येते ती शेवटच्या परिच्छेदात, बार होऊन जनावर पडल्यावर. आणि तीही बहुधा दुसऱ्याच्या हातात. साहेब तंबूत चहा घेत असतो आणि बाहेर झाडाखाली कोणी तरी कातडे सोलीत असतो. त्या 'कोणी तरी'चे नाव ग्रंथात क्वचितच सापडते.

इंग्लंड-अमेरिकेत शिकारी सुरीभोवती हळव्या आठवणींचे एक स्वतंत्र दालन आहे. वडिलांनी दिलेली पहिली सुरी, तिने सोललेले पहिले हरीण, नदीत पडून हरवलेली आणि पुढे कधीच तशी न मिळालेली सुरी. चांद्याच्या रानात अशा आठवणी नसतील असे मानणे अवघड आहे. मात्र 'शिकारी सुरी' या नावाखाली त्या शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही, कारण तेथे तशी वेगळी वस्तूच नव्हती. जे पाते सकाळी बांबू छाटीत होते तेच दुपारी मोहाखालचे झुडूप साफ करीत होते, संध्याकाळी ससा किंवा रानडुकराचे मांस वाटीत होते आणि सणाच्या दिवशी देवापुढे कोंबडे कापीत होते. त्यातून 'शिकारीचे हत्यार' वेगळे काढले ते कायद्याने. हे वेगळे काढणे कसे घडत गेले, त्याचा हा शोध.

मराठीत 'हत्यार' हा शब्द मोठा सोयीचा आणि मोठा घातक आहे. सुताराची हत्यारे, न्हाव्याची हत्यारे असे आपण सहज म्हणतो. आणि पोलिसांनी हत्यार जप्त केले असेही म्हणतो. व्युत्पत्ती शब्दाला हाताकडे नेते, पण कानाला 'हत्या' ऐकू येते. 'अवजार' त्या मानाने सभ्य शब्द. एकाच लोखंडाला हे दोन्ही शब्द लागू पडतात आणि कोणता लावायचा हे लोखंड ठरवीत नाही, समोरचा अधिकारी ठरवतो.

आधी लोखंडाकडे वळू. ज्याला जुने लोक चांदा जिल्हा म्हणत त्याचे २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला. या एकत्र प्रदेशात लोहखनिज विपुल. लोहारा, पिंपळगाव, देऊळगाव, सुरजागड ही नावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. लोहारा हे गावाचे नावच बोलके आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंड गाळण्याच्या शक्यतेवर अहवाल लिहिला आणि तो जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा नाही, अशी अडचण होती. पुढे १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी हा भाग पुन्हा पालथा घातला. कारखान्याला पुरेल एवढा साठा तेथे दिसेना, आणि शोध दुर्गच्या डोंगरांवरून मयूरभंजकडे सरकला. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याच्या वाट्याला त्या कथेत पहिल्या प्रकरणापुरतीच जागा आली.

मोठ्या भट्टीला वरोऱ्याचा कोळसा चालत नव्हता. गावच्या छोट्या भट्टीला मात्र त्याची गरजच नव्हती. मध्य प्रांतातील मातीच्या भट्ट्या लाकडी कोळशावर चालत. पायाने दाबायचे चामड्याचे भाते, मातीची नळी, खनिज आणि कोळसा यांचे थरावर थर. काही तासांनी तळाशी मळीने भरलेला लोखंडाचा गोळा मिळे आणि घणाखाली ठोकून ठोकून त्यातली मळी काढावी लागे. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली आगरिया या लोहार जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातील प्रदेश मुख्यतः मंडला-बालाघाट-बिलासपूरकडचा असला तरी लोखंडाशी बांधलेले देव, लोहासुर, कोयलासुर, आग्यासुर, हे त्या साऱ्या वनपट्ट्याची मनोवृत्ती सांगून जातात. लोखंड तेथे केवळ धातू नव्हते. ते भुताखेतांपासून राखणारे होते, आणि सुरी उशाखाली ठेवण्याचा रिवाज तर आपल्याही घरांना अपरिचित नाही.

ही भट्टी विझली कशाने? स्वस्त विलायती लोखंडाने, हे नेहमीचे आणि खरे उत्तर. पण दुसरे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे आणि ते आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते. १८७८ च्या वनकायद्यातून पुढे आलेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे २६ वे कलम उघडून पाहावे. राखीव जंगलात काय काय करू नये याची ती यादी. तिच्यात कोळसा पाडणे आहे, आणि काही ओळी खाली नियमांविरुद्ध शिकार करणे, सापळे लावणे, पाण्यात विष कालवणे आहे. पाते घडवण्यासाठी लागणारा कोळसा आणि त्या पात्याने करायचे काम, दोन्ही एकाच कलमात गुन्ह्यांच्या रांगेला बसले. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात असा काही संबंध असेल असे आम्ही म्हणत नाही. त्याने फक्त जंगलातील माणसाचा दिनक्रम लिहून काढला आणि त्यावर 'मनाई' असे शीर्षक दिले.

गावचा लोहार (आमच्याकडे त्याला खातीही म्हणतात) यानंतर संपला नाही. त्याचा कच्चा माल बदलला. मोटारी आल्या आणि ट्रकच्या मोडक्या कमानपट्ट्या भंगारात मिळू लागल्या. कमानीचे पोलाद चिवट. तापवून, ठोकून, पाणी पाजून त्याचा कोयता केला तर वर्षानुवर्षे टिकतो. पाणी पाजणे ही कसोटीची क्रिया: कमी पडले तर धार वळते, जास्त झाले तर पाते काचेसारखे तुटते. अशा कोयत्याचे वय निसण्यावर कळते. घासून घासून पोट खपाटीला गेलेले पाते पाहिले की ते किती हातांतून गेले असेल याचा अंदाज येतो. मूठ मात्र तेवढी टिकत नाही, ती दर काही वर्षांनी नवी बसवावी लागते; म्हणून आजोबांचा कोयता म्हणजे पाते आजोबांचे आणि मूठ नातवाची.

मुठीवरून साहेबाच्या सुरीकडे जाता येते. शेफील्डच्या कारागिरांना आणि पुढे जर्मन-अमेरिकन सुरीकारांना मुठीसाठी सर्वांत प्रिय साहित्य कोणते, तर भारतीय सांबराचे शिंग. इतर हरणांच्या शिंगांचा गाभा भुसभुशीत असतो. सांबराचे शिंग आतून बरेचसे भरीव, आणि वरून खडबडीत असल्याने रक्ताने वा चरबीने ओल्या झालेल्या हातातूनही ते निसटत नाही. सांबर दर वर्षी शिंगे टाकतो. ती वेचणारे हात रानातल्या माणसांचे, विकत घेणारे व्यापारी गावातले, बंदर मुंबई किंवा कलकत्ता. भारताच्या जंगलात गळून पडलेले शिंग विलायतेत जाऊन मूठ होई, आणि ती सुरी साहेबाच्या कमरेला लटकून पुन्हा सांबराच्याच रानात परत येई. १९९० च्या दशकाअखेर भारताने गळालेल्या शिंगांचाही व्यापार थांबवला, तेव्हापासून जुन्या साठ्यातील अशा मुठी संग्राहक जपून ठेवतात. त्या मुठीला चिकटलेल्या त्यांच्या आठवणी खऱ्याच असतात. शिंग कोणी वेचले होते, ही आठवण तेवढी त्यांत नसते.

सोलण्याच्या कामाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण ते कौशल्य कोणी नोंदवलेले नाही. उन्हाळ्यात वाघाचे किंवा चितळाचे कातडे काही तासांत सोडवले नाही तर ते कुजू लागते आणि केस गळतात. मग मीठ आणि तुरटी कितीही चोळा. या कामाला टोकदार सुरी निरुपयोगी, टोकाने कातड्याला भोक पडते. आखूड, पोटाला गोलाई असलेले पाते हवे. पंजे, ओठ आणि कान यांच्याभोवती तर त्याहून लहान. हे ज्ञान साहेबाने विलायतेहून आणले असेल, पण रानात ते ज्याच्या बोटांत होते तो मजुरीवर आलेला माणूस होता. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी येईपर्यंत परवान्यांच्या शिकारी चालू होत्या आणि तोवर या बोटांना मागणीही होती. नंतर तीच बोटे संशयास्पद ठरली.

आता कायदा. १८७८ साली इंग्रज सरकारने दोन अधिनियम केले, एक वनांचा आणि दुसरा शस्त्रांचा. शस्त्रांच्या व्याख्येत तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे फाळ आणि धनुष्यबाणसुद्धा आले. साधी सुरी आली नाही. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने धारदार हत्यारे व्याख्येत घेतली आणि केवळ घरगुती वा शेतकी उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या. १९६२ च्या नियमांनी माप दिले: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असेल तर ते शस्त्र, अर्थात घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेले नसेल तर. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या 'केवळ' शब्दापाशी थांबावे. एखादा शब्द सारा अर्थ फिरवतो असे आपण कवितेविषयी म्हणतो, ते येथेही खरे आहे. शहरातल्या स्वयंपाकघरातील सुरी 'केवळ' भाजीची असू शकेल. रानाकाठच्या घरात केवळ एका कामाचे असे काहीच नसते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम त्याहून पुढे गेला. त्यातील हत्याराच्या व्याख्येत दारूगोळा, धनुष्यबाण, गळ, जाळी, विष, फासे यांच्या जोडीला सुऱ्यांचा नावाने उल्लेख आहे. ३१ व्या कलमाप्रमाणे लेखी परवानगीवाचून हत्यार घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. ३९ व्या कलमाप्रमाणे गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले हत्यार सरकारची मालमत्ता होते. म्हणजे पात्याला आठवणी असल्या तरी त्या मुद्देमालाच्या चिठ्ठीखाली जातात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. ज्या तारू नावाच्या गावप्रमुखावरून ताडोबा हे नाव आले, तो वाघाशी झुंजताना मेला अशी लोककथा आहे. तलावाकाठी त्याचे ठाणे असून पौषात तेथे भाविक येतात. कथेतल्या तारूच्या हातात काय होते, हा प्रश्न आज विचारला तर उत्तर व्याख्येतच शोधावे लागेल.

हे लिहिताना कायद्याची बाजू आम्ही विसरलेलो नाही. चंद्रपूरच्या रानात वाघ उरला आणि वाढला तो याच कायद्यामुळे. चोरटी शिकार करणाऱ्या टोळ्या लोखंडी सापळे आणि विजेच्या तारा वापरतात, त्यांना आजोबांच्या कोयत्याशी कर्तव्य नाही, आणि त्यांना धाक बसवणारे दुसरे साधन कोणी सुचवलेले नाही. दुसरीकडे मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे या जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. त्यांच्या हातात बहुधा विळा किंवा कुऱ्हाड असते. ती त्यांना वाचवीत नाही, पण रिकाम्या हाताने जा असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

मराठी वाचकाच्या मनात गडचिरोलीच्या शिकारीचे एक चित्र पक्के बसले आहे. डॉ. प्रकाश आमटे १९७३ पासून हेमलकशाला राहू लागले. तेथे शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे त्यांना मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू दिसले, ते त्यांनी मागून घेतले आणि तेथून प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली. हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ती सांगताना स्वतः आमटे यांनी भूक हे शिकारीचे कारण म्हणून सांगितले आहे. वाचक मात्र पिल्लू लक्षात ठेवतो आणि भूक विसरतो. त्या दिवशी घरी नेलेल्या मांसाचे वाटे कसे पडले असतील, ते कोणी कापले, म्हाताऱ्यांना काय मिळाले, हे आपल्या वाङ्मयात आलेले नाही. मध्य भारतातील अनेक जमातींत पारधीनंतरच्या वाटणीचे नियम ठरलेले असत, पहिला वार ज्याचा त्याचा वाटा निराळा. माडियांमध्ये पेरणीपूर्वीच्या बीजपंडुमाशी पारध जोडलेली होती. सुरीची खरी स्मृती या वाटणीत आहे असे आमचे मत आहे. मारण्याचा क्षण बाणाचा किंवा कुऱ्हाडीचा. सुरी येते ती सर्वांना सारखे पोहोचावे म्हणून. बंदुकीचे वाङ्मय एका माणसाचे असते, त्यामुळे त्यात वाटणीला जागाच नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली, वनहक्क कायद्याखाली, सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्या कोयत्याने बांबू तोडणे काल चोरी होती, तोच कोयता आता मालकाचा झाला. एका पात्याच्या आयुष्यात एवढा फरक पडावा ही लहान गोष्ट नाही. त्याच २००६ च्या कायद्याचे तिसरे कलम पारंपरिक हक्कांची यादी देते आणि शेवटी इतर सर्व रूढ हक्कही मान्य करते. अपवाद शिकारीचा, सापळे लावण्याचा, आणि वन्य प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग काढण्याचा. अपवाद समजण्याजोगा आहे. पण मेंढ्याच्या माणसाने आपल्या हक्काच्या रांजीतला बांबू आपल्या कोयत्याने तोडला, आणि त्या रांजीखाली सांबराने यंदा टाकलेले शिंग दिसले, तर ते उचलून कोयत्याला नवी मूठ बसवण्याची मुभा त्याला नाही. मूठ त्याला लाकडाचीच करावी लागते.