मागील रीडिंग, चालू रीडिंग

सिंदी (रेल्वे)त कुणाच्याही घरी येणारं वीजबिल उघडा. त्यात दोन आकडे असतात, मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. मीटर फक्त पुढे सरकत राहतो. महिन्यात किती युनिट जळले ते वजाबाकीतून निघतं. संगणकातले परफॉर्मन्स काउंटर याच कुळातले. आपल्या गावातल्या एखाद्या पोराला स्वतःच्या मशीनवरचा ताण मोजणारा प्रोग्राम लिहायचा असेल, तर सगळ्यांत आधी त्याला ही वजाबाकी कळायला हवी.

सुरुवातीला रीत वेगळी होती. 1973 सालच्या आरएफसी 546 या टिपणात टेनेक्स या प्रणालीच्या 'लोड ॲव्हरेज'ची, म्हणजे मशीनवरच्या ताणाच्या सरासरीची, नोंद सापडते. सरासरी प्रणालीच काढून देई. युनिक्सवर आजही 1, 5 आणि 15 मिनिटांचे तीन आकडे तयार मिळतात. ते सोयीचे आहेत, पण एका सेकंदात काय झालं हे हवं असेल तर त्यांचा उपयोग नाही.

मग काउंटर आला: नुसता वाढणारा आकडा. आलेल्या बाइट्सची, वाचलेल्या सेक्टरची, सीपीयूने घालवलेल्या वेळेची बेरीज तो ठेवतो, आणि किती अंतराने वाचायचं हे वाचणारा ठरवतो. मला ही वाटणी फार मोलाची वाटते. एक प्रोग्राम दर सेकंदाला वाचेल, दुसरा दर पाच मिनिटांनी. प्रत्येकजण आपलं मागील रीडिंग आपल्यापाशी ठेवतो आणि कुणाचा हिशेब बिघडत नाही. आकडा शून्यावर आणायची मुभा कुणालाही असती, तर इतर सगळ्यांच्या वजाबाक्या कोसळल्या असत्या.

या आकड्यालाही मर्यादा असते. 32 बिटांचा काउंटर 4,294,967,295 पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. 10 मेगाबिटच्या नेटवर्कवर बाइट्सचा काउंटर पूर्ण भरायला सुमारे 57 मिनिटं लागत. 100 मेगाबिटला पावणेसहा मिनिटंही लागेनात आणि एक गिगाबिटला 34 सेकंदांत फेरा पूर्ण होऊ लागला. दोन वाचनांमधली वाढ एका पूर्ण फेऱ्याहून कमी असेल तर आकडा मध्येच शून्यावर आला तरी बिनचिन्ह वजाबाकी उत्तर बरोबर देते. पूर्ण फेरा किंवा त्याहून जास्त झाला तर चुकीचं उत्तर मिळतं, आणि ते चुकीचं दिसतही नाही. म्हणूनच 64 बिटांचे काउंटर आणावे लागले.

1993 मध्ये विंडोज एनटी आली ती परफॉर्मन्स मॉनिटर घेऊनच. तिच्या रजिस्ट्रीत 'एचकी परफॉर्मन्स डेटा' अशी एक जागा होती. मात्र तिथे डिस्कवर काहीच साठवलेलं नसे. कुणी विचारलं की त्या क्षणी आकडे गोळा करून हाती दिले जात. ते उलगडणं किचकट होतं, म्हणून पुढे पीडीएच ही लायब्ररी आली. प्रोग्रामने क्वेरी उघडायची, हवा तो काउंटर जोडायचा, एकदा गोळा करायचं, सेकंदभर थांबायचं, पुन्हा गोळा करायचं आणि मग किंमत मागायची. दर सांगणाऱ्या काउंटरची किंमत पहिल्याच वाचनानंतर मागितली तर एरर येते. नवशिक्याला वाटतं प्रोग्राम बिघडला, पण तिथे मागील रीडिंगच नसतं.

टक्क्यांत दिसणारा 'प्रोसेसर टाइम' काढायची तऱ्हा तर बघण्यासारखी. सीपीयू कामात किती होता हे थेट मोजतच नाहीत. काही काम नसताना चालणाऱ्या रिकामपणाच्या धाग्याने (आयडल थ्रेडने) किती वेळ घेतला ते 100 नॅनोसेकंदांच्या एककात मोजायचं, दोन वाचनांतला फरक मधल्या काळाने भागायचा, आणि ती टक्केवारी 100 मधून वजा करायची.

आणखी एक अडचण होती नावांची. जर्मन विंडोजवर काउंटरची नावं जर्मन असत, त्यामुळे इंग्रजी नावं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम तिथे चालेना. व्हिस्टापासून कोणत्याही भाषेच्या विंडोजवर इंग्रजी नावाने काउंटर जोडायची सोय झाली.

काउंटर सिलिकॉनमध्येही शिरले होते. 1993 च्या पेंटियम चिपमध्ये 40 बिटांचे दोन होते, पण त्यांची माहिती इंटेलने गोपनीयतेचा करार करणाऱ्यांनाच दिली. नॉर्वेच्या टेर्ये मॅथिसेन यांनी ते स्वतः शोधून काढले आणि जुलै 1994 च्या 'बाइट' मासिकात सगळ्यांसमोर मांडले. पुढच्या चिपांमध्ये ते वाचायला स्वतंत्र सूचना आली, आणि 2009 मध्ये लिनक्सच्या 2.6.31 कर्नेलने ते 'पर्फ' या साधनामार्फत साध्या प्रोग्रामरच्याही हाती दिले.