रॉंग म्हणजे वाकडं

परवा नातू खाली खेळताना भांडून घरी आला. म्हणाला, "आजोबा, दे डिड मी रॉंग!" मी म्हटले, कोणाचे काय चुकले? तर म्हणतो, "अहो चुकलं नाही, त्यांनी मुद्दाम केलं!" त्याला अन्याय हा शब्द हवा होता, तो काही आठवेना. मला मात्र त्याचा रॉंग ऐकून भलतेच काही आठवले.

आपण मराठीत हा शब्द घेतला खरा, पण अर्धाच घेतला. रॉंग नंबर, रॉंग साइड (कर्जत-चौक रस्त्यावर संध्याकाळी उभे राहावे, दर दुसरी मोटरसायकल रॉंग साइडने!). म्हणजे चूक, एवढेच. इंग्रजीत मात्र गणित चुकले तरी रॉंग, आणि कोणी कोणाला नाडले तरी रॉंगच. क्रियापदसुद्धा आहे, 'टु रॉंग'.

मी मूळचा मराठी आणि इतिहासाचा शिक्षक. इंग्रजीचे सर बदलून गेले तेव्हा आठवीचे इंग्रजी माझ्या गळ्यात पडले, ते पुढे बरीच वर्षे राहिले. खालापूर तालुक्यातली शाळा, साल १९८२ असेल. स्पेलिंगच्या परीक्षेत एका कातकरी मुलाने रॉंग हा शब्द डब्ल्यूशिवाय लिहिला. मी फुली मारली. तो पोरगा वही घेऊन टेबलापाशी आला. "सर, डब्ल्यू बोलत नाही तर लिवायचा कशाला?" प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, "तसा नियम आहे. जा, पाच वेळा लिही."

उत्तर मला निवृत्तीनंतर सापडले, तेही शब्दकोश चाळायचा नाद लागला म्हणून. एके काळी तो डब्ल्यू बोलत असत. आणि डब्ल्यू-आरने सुरू होणारे इंग्रजी शब्द पाहा. रिंग (अंगठीची नव्हे, कपडे पिळण्याची), रेंच म्हणजे नळवाल्याचा पान्हा, रिस्ट म्हणजे मनगट, रिगल म्हणजे वळवळणे. पिळणे, वळणे, मुरगळणे! रॉंग त्याच कुळातला. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून तो इंग्लंडात आला तेव्हा त्याचा अर्थ होता वाकडा. राइट म्हणजे सरळ आणि रॉंग म्हणजे वाकडे. कायद्यातला टॉर्ट हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, त्याचेही मूळ पिळण्यातच. आपणही कोणाशी 'वाकड्यात शिरतो', भल्या माणसाला 'सरळ' म्हणतो. आणि गरिबाची होते ती पिळवणूक! हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा उच्चारला असेन, त्यातला पीळ कधी दिसला नाही.

आमचा अन्याय हा शब्द निराळ्या घराण्यातला. न्याय म्हणजे रीत, नियम. 'त्याच न्यायाने' म्हणतो ना, तो. नियमाला सोडून ते अन्याय. आणखी एक गंमत म्हणजे जुन्या मराठीत अन्याय हा आपण केलेला असे. देवापुढे म्हणायच्या जुन्या पद्यांत भक्त स्वतःच्या अन्यायांची क्षमा मागतो, तिथे अन्याय म्हणजे अपराध. आता अन्याय फक्त 'आमच्यावर' होतो. मोर्चात, अग्रलेखात, ग्रामसभेत, सगळीकडे आमच्यावर! केला कोणीच नाही.

पण खरी अडचण पुढेच आहे. नियमाला सोडून ते अन्याय, तर नियमच वाकडा असला तर काय म्हणायचे? आमच्या जिल्ह्यात (१९८१ पर्यंत कुलाबा) हा प्रश्न पुस्तकी नव्हता. खोताचा हक्क कायद्याने मानलेला होता. कूळ वर्षभर राबायचे आणि खळ्यावरून धान्य जायचे ते रीतसर. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने जमीन कसायचीच नाही असे ठरवले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेतकऱ्याने शेत पडीक ठेवायचे, म्हणजे घरात काय शिजत असेल कल्पना करा. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधानसभेत मांडले. ते संमत झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. तोवर नियमाच्या बाजूने पाहिले तर 'न्याय' खोताकडेच होता.

इकडे आमच्या कर्जत भागात सावकारी. पावसाळ्यात पोटासाठी भात घ्यायचे, सुगीला दिढीदुपटीने फेडायचे. माथेरानचे विठ्ठल ऊर्फ भाई कोतवाल, जन्म १९१२, वकील झालेले. त्यांनी यावर उपाय म्हणून धान्यकोठारे काढली. भाषण करण्यापेक्षा हे कठीण. लोक त्यांना ओळखतात ते आझाद दस्त्यामुळे, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडल्यामुळे. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मला मात्र भाताच्या कोठारातला कोतवाल जास्त जवळचा वाटतो. कर्जाचा करार वाकडा आहे हे त्या वकिलाला कळले होते.

असो. त्या मुलाचे सांगायचे राहिले.

दिवाळीनंतर तो शाळेत यायचा बंद झाला. बाजारात त्याचा बाप भेटला. म्हणाला, "उचल घेतलीय गुरुजी, भट्टीवर जायाचं. पोरगा बी लागतो इटा वाहायला." कातकऱ्यांची ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. भाद्रपदात पोटाला नसते तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर अख्खे घर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला. हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि तो कधी पुरा फिटत नसे. वेठबिगार रद्द करणारा कायदा १९७६ चा. त्या कायद्यात असे कर्जच रद्दबातल ठरते. मला हे माहीत होते, कारण मी ते वर्गात शिकवत असे! बापाला मी काय सांगितले? "मुलाचं नुकसान होईल हो." तो बरं म्हणाला आणि गेला.

पुढे सलग गैरहजेरी झाली तेव्हा मी नियमाप्रमाणे घरी चिठ्ठी पाठवली. घराला कुलूपही नव्हते, नुसती कुडाची झोपडी बंद. मग हजेरीपटातून नाव कमी केले, शेरा लिहिला, सही केली. मुख्याध्यापकांनी पाहून ठीक म्हटले. कुठलाही नियम मोडला गेला नाही.

जूनमध्ये तो येईल असे वाटले होते. आला नाही. त्याची वाडी शाळेपासून डोंगराच्या अंगाने पाऊण तासाची वाट. मी कधी गेलो नाही.