सूज व ऊतकद्रव संतुलन

सूज : पेशींभोवतीच्या सूक्ष्म जागेत वाजवीपेक्षा जास्त द्रव साठल्याने शरीराच्या एखाद्या भागाला येणारा फुगवटा. वैद्यकात यास शोफ म्हणतात. पेशींना वेढणारा द्रव म्हणजे ऊतकद्रव. सुमारे ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषात तो १० ते ११ लिटर असतो. रक्तातील ऑक्सिजन व पोषकद्रव्ये त्यातूनच पेशींपर्यंत पोहोचतात.

संतुलन : केशवाहिन्यांतील दाब पाणी बाहेर ढकलतो, तर रक्तद्रवातील प्रथिने, मुख्यतः यकृतात तयार होणारे अल्ब्युमीन, ते आत धरून ठेवतात. इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये हा समतोल मांडला. बाहेर उरलेला द्रव व झिरपलेली प्रथिने लसीकावाहिन्या उचलतात आणि मानेच्या तळाशी शिरांत परत सोडतात. त्यांच्यातील झडपांमुळे प्रवाह एकाच दिशेने राहतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू त्यास गती देतात. द्रव वाढला की लसीकाप्रवाहही अनेक पटींनी वाढतो, म्हणून किरकोळ बिघाडात सूज दिसत नाही.

कारणे : हृदय दुर्बल झाल्यास शिरांतील दाब वाढतो. मूत्रपिंडातून अल्ब्युमीन गळल्यास, यकृत बिघडल्यास किंवा तीव्र कुपोषणात द्रव धरून ठेवणारी ओढ घटते. जखम व जंतुसंसर्गात केशवाहिन्या गळक्या होतात. दोन्ही पायांची सूज बहुधा सर्वांगाच्या विकाराची खूण असते. एकाच पायाला अचानक आलेली सूज शिरेतील गुठळीमुळे असू शकते.

हत्तीरोग : लसीकावाहिन्या निकामी झाल्यास काय होते, हे विदर्भात हत्तीरोगाने दाखवले आहे. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर हे जिल्हे हत्तीरोगप्रवण मानले गेले आहेत. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा कृमी क्युलेक्स डासांमार्फत पसरतो. हे डास तुंबलेली गटारे व घाण पाण्यात वाढतात. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, द्रव व प्रथिने साठून राहतात. पुढे त्वचा जाड व टणक होते. पुरुषांत अंडवृद्धीही होते. सूक्ष्म कृमी रक्तात मुख्यतः रात्री आढळतात, म्हणून तपासणीसाठी रक्त रात्री घेतात.

उपचार व प्रतिबंध : सामुदायिक औषधोपचार मोहिमेत डीईसी व अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन, दिले जाते. गर्भवती, २ वर्षांखालील बालके व गंभीर आजारी व्यक्तींना ही औषधे देत नाहीत. औषधाने संसर्गाचा प्रसार थांबतो, पण जाड झालेला पाय पूर्ववत होत नाही. अशा रुग्णाने पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करावा, भेगांवर मलम लावावे, बसताना-झोपताना पाय उंच ठेवावा व घोट्याचा व्यायाम करावा. त्यामुळे तापासह येणारे सुजेचे झटके कमी होतात. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते. म्हणून मोहिमेतील गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच घ्याव्यात आणि न उतरणारी सूज डॉक्टरांना वेळीच दाखवावी.