कापसाच्या वाटेने मुंबईला



पडेगावावरून दौलताबादकडे जाणारी सडक आपल्या पायाखालची आहे. वेरूळची सहल न्यायची म्हटली की गुरुजींना हीच वाट. पण औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1900 च्या सुमारास रेल्वे आली, त्याआधी मुंबईची गाडी धरायची तर याच अंगाने बैलगाडीने नांदगावचे स्टेशन गाठावे लागे. माणसे त्या वाटेने जात, तसा मालही जाई. आता आपण रात्रीच्या गाडीत बसलो की सकाळी मुंबईत उतरतो. दोन दिवसांची सवड काढून जाणार असाल, तर चौपाटी आणि राणीची बाग यांच्या जोडीला ही मुंबई कशावर उभी राहिली तेही पाहून या, असे मला सुचवायचे आहे.

ती उभी राहिली बरीचशी कापसावर. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवले. भाव असा चढला की वऱ्हाड-नागपूरकडे शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट सांगतात. तेवढी चांदी किती जणांच्या घरी आली असेल ते आपण जाणतोच! खरा पैसा साचला तो बंदरात. गव्हर्नर फ्रिअर यांच्या अमदानीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे हायकोर्ट आणि विद्यापीठ उभे राहिले. समुद्रात भर घालण्यासाठी कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा चालला. 1865 साली युद्ध संपले, आणि सारा फुगा फुटला.

ओव्हल मैदानात उभे राहून राजाबाई मनोरा पाहा. सुमारे 280 फूट उंच. कापसाचे आणि शेअरांचे मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी तेजीच्या दिवसांत आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो झाला. मंदीत प्रेमचंद स्वतः बुडाले. मनोरा मात्र 1878 मध्ये पुरा झाला.

त्याच मंदीचे दुसरे टोक पाहायला मुंबईत काही मिळत नाही. ते पुणे जिल्ह्यात सुप्याला आहे. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता. पुढे भाव घसरला, सारा वाढला, कर्ज तेवढे राहिले. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळू लागले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. आपला मुलूख तेव्हा निजामाचा, पण नगरची हद्द आपल्याला लागूनच. मनोऱ्याच्या पायऱ्यांशी मुलांना उभे करून गुरुजींनी सुप्याची ही हकीकत सांगावी. शिक्षणाच्या पुस्तकात या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत येतात.

भायखळ्याचे संग्रहालयही चुकवू नका. 1872 साली ते खुले झाले, तेव्हा नाव होते व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट. 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे. मांद्र्याचा हा गोमंतकीय वैद्य. अजिंठ्याचे शिलालेख वाचून 1860 च्या दशकात प्रसिद्ध करणारा, तेव्हा आपलाही त्याच्यावर थोडा हक्क आहे. मोडकळीला आलेली ही वास्तू दुरुस्त होऊन 2008 मध्ये पुन्हा उघडली. आत कारागिरांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत, त्यांच्यापाशी मुले रेंगाळतात. जाण्याआधी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्यावा. तिथल्याच आवारात पूर्वीचा काळा घोडा आहे. सातव्या एडवर्डचा हा पुतळा 1965 साली किल्ल्यातून हलवला. नाव मात्र तिथेच राहिले, आणि 1999 पासून त्या नावाचा कला-उत्सव तिथे भरू लागला. घोडा एकीकडे आणि वरात दुसरीकडे, असा प्रकार. 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही.

बंदराचा धंदा मात्र सरकला. 1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, पेट्यांतून जाणारा माल तिकडे वळला. त्याआधी 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले होते. 2018 साली ओव्हलभोवतीच्या इमारती जागतिक वारशात गेल्या. दगड धुऊन निघाले, पाहुणे येऊ लागले, हे चांगलेच झाले. गिरणगावच्या चाळींत कोकण-घाटावरून पोटासाठी आलेल्यांचे काय झाले, हेही पाहुण्याने विचारायला हरकत नाही.

उरलेल्या वेळात बॅलार्ड इस्टेटीत चक्कर मारा. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेली माती समुद्रात टाकून 1914 ते 1918 च्या दरम्यान ही 22 एकर जमीन केली. गोदीच्या भिंतीपलीकडे जाता येत नाही, पण रविवारी रस्ते मोकळे असतात, आणि तिथून बोरीबंदरची संध्याकाळची गाडी पायी गाठता येते.